लाईट गेली की पडणाऱ्या टेस्ट

देवगडात पहिला पाऊस झाला की लाईट जाते, आणि लाईट गेली की माझ्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) पडायच्या. थट्टा नाही. चार्जर लावलेला असला की सगळ्या हिरव्या, लॅपटॉप बॅटरीवर आला की त्यातल्याच तीन-चार लाल. शेजारच्या काकी अंगणातून विचारायच्या, "तुमची पन लायट गेली काय रे?" आणि मी स्क्रीनकडे बघत म्हणायचो, होय, गेली.

पुष्कळ दिवस योगायोग म्हणून सोडून दिलं. मग कळलं की बॅटरीवर आल्यावर माझा लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि माझ्या टेस्ट त्या वेगाच्या भरवशावर पास होत होत्या. सीआयवर, म्हणजे कोड पाठवला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, अधूनमधून पडायच्या त्याही ह्याच. तेव्हापासून हा एकच बिघाड, म्हणजे उशिरा पूर्ण होणाऱ्या (असिंक) कामाची नीट वाट न बघणाऱ्या टेस्ट, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कोडमध्ये इतक्या वेळा काढलाय की बघण्याचा क्रम आपोआप ठरून गेलाय. तोच इथे लिहितो.

उदाहरणं आमच्या आंबापेटीच्या ॲपमधली आहेत. बागायतदार फोनवरून पेट्यांची नोंद करतो, संध्याकाळी टेम्पो येऊन पेट्या वाशीला नेतो, एवढंच काम. स्क्रीन रिॲक्टमध्ये, टेस्ट टेस्टिंग लायब्ररीने लिहिलेल्या, आणि त्या चालवणारा रनर आधी जेस्ट, आता वीटेस्ट. फंक्शनची नावं मी बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना तुम्ही ती नेहमीसारखीच कराल.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- टेस्ट हिरवी, पण खाली लाल अक्षरात "नॉट रॅप्ड इन ॲक्ट" अशी ताकीद.
- तुमच्या मशीनवर पास, सीआयवर दहातून एकदा फेल. पुन्हा चालवली की पास.
- एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर चालवली तर फेल.
- "५००० मिलिसेकंदांत पूर्ण झाली नाही" असा टाइमआउट, आणि कशाची वाट बघत होती याचा पत्ता नाही.
- सगळ्या टेस्ट हिरव्या, तरी शेवटी "अनहँडल्ड रिजेक्शन" (कोणी न पकडलेलं अपयश) म्हणून अख्खा रन फेल. एरर ज्या टेस्टच्या नावावर दाखवलाय तिचा त्याच्याशी काही संबंध नाही.
- कोड मुद्दाम मोडला तरी टेस्ट हिरवीच.

शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट, कारण ते आपणहून दिसत नाही, जाऊन बघावं लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. कोड मोडून बघा

फुकट आहे, एक मिनिट लागतं. कंपोनंटमधला (स्क्रीनचा तो तुकडा बनवणाऱ्या कोडमधला) एरर दाखवणारा भाग कॉमेंट करा आणि एररची टेस्ट चालवा. ती लाल झालीच पाहिजे. झाली नाही तर ती टेस्ट काहीच तपासत नाहीये, आणि तिच्यावरचा हिरवा टिक म्हणजे पेटीतला वरचा थर.

हे मला एका मे महिन्यात शिकायला मिळालं. एका बागायतदार काकांनी बागेतून बारा पेट्यांची नोंद केली. तिथे रेंज नव्हती. स्क्रीनवर मात्र हिरव्या पट्टीत "नोंद झाली" आलं. टेम्पो आला, यादीत नाव नाही, निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "माझ्यो बारा पेट्यो हयच रवल्यो, आणि तुझा ॲप म्हणता नोंद झाली!"

आमच्याकडे यासाठी टेस्ट होती. "नेटवर्क नसेल तर चूक दाखवावी" असं तिचं नावच होतं, आणि चार महिने ती हिरवी होती. मी कंपोनंटमधला कॅचचा, म्हणजे एरर पकडणारा, अख्खा भाग उडवला. टेस्ट हिरवीच. तेव्हा पोटात गोळा आला.

झालं होतं असं. कंपोनंटमध्ये ट्रायच्या आत "नोंद पाठवा" हे फंक्शन अवेट (म्हणजे "संपेपर्यंत थांब") न लावता बोलावलं होतं, आणि पुढच्याच ओळीत "नोंद झाली" दाखवलं होतं. अवेट नसेल तर ट्राय-कॅचला त्या प्रॉमिसचं (पुढे येणाऱ्या उत्तराच्या वायद्याचं) अपयश कळतच नाही. फंक्शन प्रॉमिस हातात देऊन मोकळं होतं, ट्रायचा भाग संपतो, आणि नेटवर्कचा एरर येतो तेव्हा तो पकडायला तिथे कोणी उरलेलं नसतं. टेस्टमध्येही तीच चूक: "एक्सपेक्ट, रिजेक्ट्स, टू थ्रो" (म्हणजे "हे फसायला हवं") अशी सरळ ओळ, तिच्यापुढे ना अवेट ना रिटर्न. कोडमध्ये जी चूक तीच टेस्टमध्ये, मग एकमेकींना पकडणार कशा?

२. प्रत्येक प्रॉमिसच्या पुढे अवेट आहे का बघा

डोळ्यांनी बघायचं, पाच मिनिटं. अवेट लागतोच अशा जागा: "फाइंडबाय"ने सुरू होणारी प्रत्येक क्वेरी (स्क्रीनवर काहीतरी शोधणारं फंक्शन), "वेटफॉर", "रिजेक्ट्स" आणि "रिझॉल्व्ह्ज", आणि युझर-इव्हेंटची (वापरणाऱ्याच्या कृतींची नक्कल करणाऱ्या लायब्ररीची) क्लिक, टाइप वगैरे सगळी फंक्शनं. हे शेवटचं फार जण विसरतात, कारण युझर-इव्हेंट १४ च्या आधी क्लिक सिंक होती, म्हणजे लगेच संपायची. जुन्या प्रोजेक्टमध्ये आवृत्ती वाढवली आणि टेस्ट लहरी झाल्या असतील तर आधी इथेच हात घाला.

हे का महत्त्वाचं? टेस्टचं फंक्शन संपलं की रनर निकाल लावून मोकळा होतो. मागे लटकलेलं प्रॉमिस नंतर फुटतं तोवर पुढची टेस्ट सुरू झालेली असते, आणि एरर तिच्या माथी लागतो. वीटेस्ट निदान शेवटी असे बेवारस एरर दाखवून रन फेल करतो. तो गप्प करायचा एक पर्याय सेटिंगमध्ये आहे आणि त्याच्या नावातच "डेंजरसली" लिहिलंय. लावू नका.

आणखी दोन पळवाटा. एक, "फॉरईच"च्या आत असिंक फंक्शन: फॉरईच कोणासाठीच थांबत नाही, तिथे साधा "फॉर-ऑफ" लूप लिहा. दोन, टेस्टमध्येच ट्राय-कॅच लिहून कॅचच्या आत एक्सपेक्ट: एरर आलाच नाही तर एक्सपेक्ट चालतच नाही आणि टेस्ट पास. अशा टेस्टच्या पहिल्या ओळीत "एक्सपेक्ट डॉट असर्शन्स" लावून किती तपासण्या व्हायला हव्यात तो आकडा द्या, किंवा सरळ रिजेक्ट्स वापरा.

हे दरवेळी डोळ्यांनी बघायला नको असेल तर कोड न चालवताच चुका दाखवणाऱ्या टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा "नो फ्लोटिंग प्रॉमिसेस" नियम आणि टेस्टिंग लायब्ररीच्या ईएसलिंट प्लगइनमधले "अवेट असिंक"चे नियम लावून टाका. आमच्याकडे लावले त्या दिवशी एका रनमध्ये एकोणीस जागा निघाल्या. त्यातल्या सात मी स्वतः लिहिलेल्या.

३. वाट कशाची बघताय?

आंब्याची आढी घातली की आठ दिवस भरले म्हणून कोणी उघडत नाही. वास सुटला की उघडतात. टेस्टमध्ये "५०० मिलिसेकंद थांब" असं लिहिणारा माणूस दिवस मोजत असतो. माझ्या बॅटरीवर पडणाऱ्या टेस्टमध्ये नेमकं हेच होतं: एकात ३०० आणि एकात ५०० मिलिसेकंदांचा थांबा. चार्जरवर तेवढ्यात काम व्हायचं, बॅटरीवर नाही.

"गेटबाय" लगेच बघतो, नसेल तर लगेच एरर. "क्वेरीबाय" लगेच बघतो, नसेल तर नल (काहीच नाही). "फाइंडबाय" थांबतो: मुळातली मुदत १००० मिलिसेकंद, दर ५० मिलिसेकंदांनी आणि डॉममध्ये (पानाच्या रचनेत) बदल झाला की पुन्हा बघतो. एररचा मेसेज नेटवर्कनंतर येणार असेल तर फाइंडबायच हवा. शक्यतो रोलने (तो घटक काय काम करतो त्यावरून) शोधा, म्हणजे "अलर्ट" रोल आणि मग त्यातला मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरलाही तो एरर पोचतो की नाही ते जाता जाता कळतं.

फसवणूक होते ती "नाहीये" तपासताना. "एरर दिसत नाहीये" असं क्लिकनंतर लगेच तपासलं तर ते नेहमीच खरं असतं, कारण एरर अजून यायचाच असतो. आधी काहीतरी *येण्याची* वाट बघा, जसं की "नोंद झाली" हा मजकूर, आणि मग एरर नाही हे तपासा. स्पिनर (गोल फिरणारं "थांबा" चिन्ह) जाण्याची वाट बघायला "वेटफॉर एलिमेंट टू बी रिमूव्हड" आहे, पण तो सुरुवातीला स्पिनर असलाच पाहिजे असं धरतो. मॉक (खऱ्या सर्व्हरऐवजी टेस्टमध्ये लावलेला नकली) इतका झटपट असेल की स्पिनर आला आणि गेला, तर तो स्वतःच एरर फेकतो.

वेटफॉरच्या आत क्लिक टाकू नका. तो भाग पुन्हा पुन्हा चालतो, म्हणजे क्लिकही पुन्हा पुन्हा. आमच्या एका टेस्टमध्ये एका दाबण्यात तीन नोंदी जायच्या आणि आम्ही दोष कंपोनंटला देत होतो.

"ॲक्ट"ची ताकीद इथेच सुटते बहुतेक वेळा. तिचा अर्थ: टेस्टची नजर वळल्यावर कंपोनंटची स्टेट (त्याने लक्षात ठेवलेली माहिती) बदलली. सगळं स्वतः ॲक्टमध्ये गुंडाळणं हा उपाय नाही, रेंडर आणि युझर-इव्हेंट ते आधीच करतात. शेवटी स्क्रीनवर जे येणार आहे त्याची वाट बघा, ताकीद आपोआप जाते.

४. टाइमआउट वाढवायच्या आधी रिट्राय बघा

हा प्रकार मला दर महिन्याला एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या कोडमध्ये भेटतो. एररची टेस्ट १००० मिलिसेकंदांत पडते. माणूस फाइंडबायची मुदत ५००० करतो. आता रनरची स्वतःची मुदत संपते, तीही मुळात ५००० आहे. मग दोन्ही १०,००० करतो, आणि टेस्ट पास होते. सव्वासात सेकंदांनी. खूश.

ती सात सेकंदं येतात कुठून? टॅनस्टॅक क्वेरी ही डेटा आणणारी लायब्ररी फसलेली विनंती मुळातच तीनदा पुन्हा पाठवते आणि दरवेळी जास्त थांबते: १ सेकंद, २ सेकंद, ४ सेकंद. बेरीज सात. तोवर ती एररच्या स्थितीत जातच नाही, तर स्क्रीनवर मेसेज येईल कसा? टेस्टसाठी वेगळा क्वेरी क्लायंट करा, त्यात रिट्राय बंद ठेवा, आणि दर टेस्टला तो नवा करा. एखाद्या क्वेरीत रिट्रायचा आकडा थेट लिहिलेला असेल तर क्लायंटची सेटिंग तिथे चालत नाही, हेही बघा. आमच्या एका फाइलमध्ये अशा सहा टेस्ट होत्या. पाऊण मिनिटाची फाइल दोन सेकंदांवर आली.

५. मॉक खरा वागतो का?

फेच (ब्राउझरचं विनंती पाठवणारं फंक्शन) ५०० (सर्व्हरची चूक) किंवा ४०४ (सापडलं नाही) आला तरी रिजेक्ट होत नाही. उत्तर आलं म्हणजे त्याच्या लेखी काम झालं. "ओके" खरं की खोटं हे आपण बघायचं. रिजेक्ट होतो तो नेटवर्कच नसेल तेव्हा. ॲक्सिऑस ही लायब्ररी मात्र ५०० ला रिजेक्ट करतो. आता टेस्टमध्ये सगळीकडे "मॉक रिजेक्टेड व्हॅल्यू" वापरला असेल आणि कोडमध्ये फेच, तर सर्व्हर कोसळल्यावर काय होतं याची टेस्ट तुमच्याकडे नाहीच. दोन्ही लिहा: एक ५०० ची, एक रेंज नसल्याची. कोकणात दुसरीची गरज जास्त लागते, हे वेगळं सांगायला नको.

विनंत्या मधेच अडवून नकली उत्तरं देणारा मॉक सर्व्हिस वर्कर वापरत असाल तर न ठरवलेल्या विनंतीवर एरर द्यायला सांगा, आणि प्रत्येक टेस्टनंतर हँडलर (त्या नकली उत्तरांचे नियम) रीसेट करा. रीसेट राहिला की एका टेस्टचा ५०० पुढच्या टेस्टमध्ये डोकावतो. "एकटी पास, सगळ्यांत फेल" याचं हे पहिल्या नंबरचं कारण.

६. एरर बाउंडरीकडून भलती अपेक्षा नको

रिॲक्टची एरर बाउंडरी तिच्या आतले कंपोनंट रेंडर होताना (स्क्रीनवर आखले जाताना) फुटलेले एरर पकडते. क्लिक हँडलरमधले, सेटटाइमआउटमधले (ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमधले), प्रॉमिसमधले पकडत नाही. त्यामुळे "काहीतरी बिघडलं" ह्या स्क्रीनची वाट बघणारी टेस्ट जन्मभर थांबली तरी तो येणार नाही. हा टेस्टचा दोष नाही, कोडचा आहे. असिंक एरर पकडून स्टेटमध्ये ठेवा आणि रेंडरमध्ये फेका, किंवा क्वेरी लायब्ररीत तसा पर्याय असेल तर तो लावा.

बाउंडरीच्या टेस्टमध्ये कन्सोलवर लाल मजकूर येणारच. तेवढ्या टेस्टपुरता कन्सोल एररवर स्पाय (खऱ्याच्या जागी ठेवलेलं गप्प फंक्शन) ठेवा आणि लगेच परत करा. सेटअप फाइलमध्ये कायमचा गप्प केलेला कन्सोल मी दोन प्रोजेक्टमध्ये बघितलाय, आणि दोन्हीकडे त्याच्याखाली खरे बिघाड निजलेले होते.

७. खोटी घड्याळं

इथून पुढे वेळ लागतो. फेक टायमर (टेस्टच्या ताब्यातलं खोटं घड्याळ) लावलेत आणि टेस्ट नुसतीच लटकते? युझर-इव्हेंट दोन कृतींच्या मधे सेटटाइमआउट वापरतो. घड्याळ तुम्ही थांबवलंय, म्हणजे तोही थांबला. त्याच्या सेटअपमध्ये "ॲडव्हान्स टायमर्स" द्या, मग तो घड्याळ स्वतः पुढे ढकलतो.

जेस्टवरून वीटेस्टवर येताना आमचे दोन दिवस गेले ते यावर. वेटफॉर फेक टायमर ओळखतो, पण ते "जेस्ट" नावाचं ग्लोबल (कोडमध्ये सगळीकडे दिसणारं नाव) शोधून. वीटेस्टमध्ये ते नाही. मग वेटफॉरला वाटतं घड्याळ खरं आहे, तो टायमर लावून बसतो आणि टायमर कधी वाजतच नाही. वीटेस्टमध्ये फेक टायमर सुरू करताना "शुड ॲडव्हान्स टाइम" चालू केलं की सुटतं. आणि टायमर हाताने पुढे नेताना नावात "असिंक" असलेलं फंक्शन वापरा. साधं फंक्शन वेळ पुढे नेतं, पण मधल्या प्रॉमिसना धावायला जागा देत नाही. खरी घड्याळं प्रत्येक टेस्टनंतर परत लावा.

८. मागच्या टेस्टचं उरलंसुरलं

वीटेस्टमध्ये ग्लोबल्स बंद असतील तर टेस्टिंग लायब्ररीची आपोआप साफसफाई होत नाही. सेटअपमध्ये "क्लीनअप" स्वतः बोलवा. नाहीतर मागचा कंपोनंट डॉममध्ये तसाच, आणि "दोन अलर्ट सापडले" असा एरर. कंपोनंट निघून जाताना चालू विनंती ॲबॉर्ट कंट्रोलरने रद्द होते का तेही बघा, आणि रद्द झाल्याचा एरर वापरणाऱ्याला दाखवू नका, तो बिघाड नव्हे.

९. सीआयची नक्कल

शेवटचा आणि कंटाळवाणा उपाय. संशयित टेस्ट पन्नास वेळा चालवा, क्रम उलटसुलट करून चालवा, एकाच वर्करवर (एकामागून एक) चालवा. टाइमझोन यूटीसी करून चालवा: सीआय सहसा आपल्या साडेपाच तास मागे असतो, आणि "चारनंतर नोंद बंद" असल्या टेस्ट तिथे पडतात तेव्हा सगळे उगीच असिंकला शिव्या देतात. मी अजूनही चार्जर काढून एकदा चालवतो. फुकटचं मंद मशीन.

कुठे थांबायचं

अर्धा दिवस. त्यापेक्षा जास्त एका टेस्टमागे एकट्याने घालवू नका, आणि पुढच्या वेळी तर अर्धा दिवसही नाही.

बिघाड तुमचा कोड काढून दहा ओळींच्या कोऱ्या फाइलमध्येही तसाच येत असेल तर तो लायब्ररीचा. आवृत्त्या लिहून ती फाइल लायब्ररीवाल्यांना पाठवा. नोड मॉड्यूल्समध्ये (उतरवून घेतलेल्या लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) हात घालू नका. रनरच मेमरी संपून कोसळत असेल तर सीआय सांभाळणाऱ्याला सांगा, तुमच्या टेस्ट सुधारून ते जाणार नाही.

आणि खऱ्या वापरात नोंदी हरवत असतील, पैसे दोनदा कापले जात असतील, तर टेस्ट बाजूला ठेवून त्याच मिनिटाला बॅकएंडच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) माणसाला फोन करा. गेल्या हंगामात आमची एक टेस्ट वीसातून एकदा जुनाच पेट्यांचा आकडा दाखवायची. मी तीन दिवस वेटफॉर, टायमर, मॉक सगळं उपसलं. शेवटी बॅकएंडच्या मित्राला फोन केला. त्याने सर्व्हरचा लॉग उघडला आणि दहा मिनिटांत सांगितलं, एकाच बागायतदाराच्या दोन विनंत्या पाठोपाठ येतायत, आणि पहिलीचं उत्तर कधीकधी दुसरीच्या नंतर पोचतं. टेस्ट बरोबर होती. चूक ॲपमध्ये होती, आणि त्या तीन दिवसांत दोन बागायतदारांच्या यादीत जुना आकडा गेला होता.